पुष्कळ पथकें, एक काम

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांसह आम्हांस भेटावयास आला होता. वडील रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. नोकरीचीं बहुतेक वर्षें नागपूर-इटारसी मार्गावरील लहान लहान स्टेशनांवर काढून आतां ते सेवानिवृत्त झाले आहेत. मुलगा येथल्याच एका संगणक-कंपनींत आहे. चहाचा पेला हातांत घेतल्याबरोबर वडिलांनीं तक्रार मांडली : “सर, हा पोरगा रोज सकाळी उभ्या उभ्या गोष्टी करते अन् म्हणते, मीटिंग होती. रातचे दोन दोन वाजेपर्यंत जागते. इचारलं तर म्हणते, दुसऱ्या टीमची वाट पाहून रायलो. असं कोणतं काम असते, सर?” मुलगा हंसला, परंतु त्याच्या डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें आम्हांस दिसलीं, आणि प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं असें वाटलें.

नागपुरांतील कितीतरी घरांत हा प्रश्न असाच लोंबकळत पडलेला आहे. वर्धा मार्गावर विमानतळाच्या बाजूस मिहान येथें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस, एचसीएल यांचीं मोठालीं आवारें उभीं राहिलीं, शहरांतल्या आय. टी. पार्कांत पर्सिस्टंटसारखी कंपनी आहे. शाळेंतून बाहेर पडलेलीं पुष्कळ मुलेंमुली पुढें तिकडेच वळतात. आईबापांस मुलांचा पगार ठाऊक असतो, काम ठाऊक नसतें. मुलांस काम ठाऊक असतें, पण तें घरच्या भाषेंत सांगतां येत नाहीं. आम्ही या शास्त्राचे पदवीधर नव्हे. गणित व भाषा शिकवितां शिकवितां जें पुस्तकांतून व आमच्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून कळलें, तेवढें येथें मांडीत आहों.

पूर्वीं मोठें सॉफ्टवेअर तयार करण्याची रीति इमारत बांधण्यासारखी असे. आधीं गिऱ्हाइकाच्या सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा काढावयाचा, मग लेखन, मग तपासणी. आणि वर्षा-दोन वर्षांनीं तयार वस्तु त्याच्यापुढें ठेवावयाची. तोंपर्यंत गिऱ्हाइकाची गरजच बदललेली असे, आणि “हें मला नको होतें” असें तो म्हणे. या त्रासास कंटाळलेले सतरा जाणकार २००१ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील युटा संस्थानांत स्नोबर्ड नांवाच्या डोंगरी ठिकाणीं जमले, आणि त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा कीं, साधनें व कार्यपद्धति यांहून माणसें व त्यांचा परस्पर संवाद अधिक मोलाचा. जाड दप्तरांहून चालती वस्तु अधिक मोलाची. करारांतील घासाघिशीहून गिऱ्हाइकाचें सहकार्य मोलाचें. आणि ठरलेल्या बेतास चिकटून बसण्याहून बदल ओळखून वळणें मोलाचें. या रीतीस ‘एजाइल’, म्हणजे चपळ, असें नांव पडलें.

चपळ रीतीचे प्रकार अनेक आहेत. त्यांत ‘स्क्रम’ हा फार प्रचलित. हा शब्द रग्बीच्या खेळांतला. ताकेउची व नोनाका या दोन जपानी पंडितांनीं १९८६ सालच्या एका लेखांत, नवीन वस्तु घडविणाऱ्या उत्तम मंडळ्या रग्बीच्या संघाप्रमाणें चेंडू आपसांत देत एकत्र पुढें सरकतात, असें दाखविलें होतें. त्यावरून पुढें हें नांव रूढ झालें. दहा किंवा त्याहून कमी माणसांचें एक पथक असतें. पुष्कळ ठिकाणीं तें दोन दोन आठवड्यांचें काम हातीं घेतें, आणि तें संपतांच कांहीं तरी चालतें करून दाखवितें. रोज पंधरा मिनिटें सगळे भेटतात, व बहुधा उभ्यानेंच बोलतात. उभें राहण्याचें कारण इतकेंच कीं, बसलें म्हणजे सभा लांबते. याची साक्ष शिक्षकांच्या कोणत्याही सभेंत मिळेल. ॲमेझॉन कंपनींत तर असें म्हणत कीं, दोन पिझ्झांत ज्यांचें जेवण भागतें तेवढेंच पथक असावें. हें माप आमच्या वसतिगृहांतील मुलांस लावूं गेल्यास पथक तिघांचेंच होईल.

येथवर गोष्ट सोपी आहे. एक पथक म्हणजे एक वर्ग. त्यांतील प्रत्येकास दुसऱ्याचें काम दिसत असतें. परंतु मोठ्या कंपनीचें काम एका पथकानें होत नाहीं. एखाद्या बँकेचें सॉफ्टवेअर घ्या. गिऱ्हाइकास जो पडदा दिसतो तो एका पथकाचा, खात्याचा हिशेब दुसऱ्याचा, संदेश पाठविण्याची व्यवस्था तिसऱ्याची, चोरापासून रक्षण चौथ्याचें. अशीं दहा, वीस, कधीं पन्नास पथकें एकाच वस्तूवर काम करीत असतात, आणि तीं पुणें, नागपूर, लंडन अशीं विखुरलेलीं असतात. प्रत्येक पथक आपापल्या जागीं चपळ. पण सर्व मिळून चपळ आहेत काय?

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल घ्यावी. दहा माणसांनीं एकमेकांशीं बोलावयाचें म्हटलें तर जोड्या होतात पंचेचाळीस. पन्नास माणसांच्या जोड्या १,२२५, व शंभरांच्या ४,९५०. माणसें दसपट झालीं, पण बोलणें एकशें दसपट झालें. आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम ३६० या यंत्रांसाठीं जें प्रचंड सॉफ्टवेअर लिहिलें गेलें, त्याचा भार कांहीं काळ फ्रेड्रिक ब्रुक्स यांच्यावर होता. त्या अनुभवावरून त्यांनीं १९७५ सालीं ‘दि मिथिकल मॅन-मंथ’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसें घातल्यास तें आणखीच उशिरां होतें, हा त्यांतला सिद्धांत अजून लोक दांखला म्हणून सांगतात व अजून मोडतात. नव्या माणसास समजावून सांगण्यांत जुन्याचा वेळ जातो, आणि जोड्या तर वाढतच राहतात.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या जागरणाची हकीकत. परदेशांतील एका व्यापाऱ्यासाठीं चाललेल्या कामांत त्याच्या पथकाकडे मालाच्या पाठवणीचा भाग होता. मागणी कोणत्या दिवशीं आली ती तारीख दुसऱ्या शहरांतील पथकाकडून यावयाची. त्या पथकानें एके दिवशीं तारीख लिहिण्याचा क्रम बदलला. आपण आधीं दिवस व मग महिना लिहितों; अमेरिकेंत आधीं महिना व मग दिवस. त्यांच्यापुरता बदल योग्यच होता, त्यांच्या सर्व तपासण्याही बिनचूक उतरल्या. परंतु या पथकास कोणीं कळविलें नाहीं. तीन मे ही तारीख पांच मार्च म्हणून वाचली गेली, आणि पाठवणीचा सगळा हिशेब उलटला. चूक कोणाच्या भागांत आहे हें शोधण्यांतच सात रात्री गेल्या. कारण प्रत्येकाच्या भागांत पाहूं गेल्यास चूक नव्हतीच. ती दोन भागांच्या मधल्या फटींत बसलेली होती.

वडील इतका वेळ गप्प होते. आतां ते एकदम म्हणाले, “म्हणजे लाइन क्लिअर न घेता गाडी सोडली ना!”

आम्हांस हें वाक्य फार आवडलें. ज्या वाचकांस रेल्वेची परिभाषा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. आपल्या स्टेशनाच्या हद्दींत प्रत्येक मास्तर स्वतंत्र असतो. गाडी कोणत्या रुळावर घ्यावी, कोणती थांबवावी हें तो ठरवितो. परंतु गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडावयाची तर तेथल्या मास्तराची ‘लाइन क्लिअर’ घेतल्यावांचून त्यास सोडतां येत नाहीं. विचारल्याची व मिळाल्याची नोंद वहींत होते, आणि खात्रीसाठीं मास्तर खाजगी क्रमांक सांगून लिहून ठेवितात. हावड्याहून मुंबईस व दिल्लीहून चेन्नईस जाणारे मार्ग ज्या नागपुरांत एकमेकांस छेदतात, तेथें हा नियम एक दिवस जरी सुटला तरी काय होईल याची कल्पना करवत नाहीं. मुलाचें काम काय आहे हें वडिलांस त्या क्षणीं कळलें, असें त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटलें. मुलासही बहुधा प्रथमच.

फटींतली चूक किती महाग पडते याचें एक प्रसिद्ध उदाहरण मंगळाच्या वाटेवर घडलें. अमेरिकेच्या नासा संस्थेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नांवाचें यान मंगळाकडे धाडलें. यान बांधणारी मंडळी लॉकहीड मार्टिन कंपनीची, आणि वाट दाखविणारी मंडळी कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेची. वाटेंत यानाचीं लहान इंजिनें अधूनमधून चालवावीं लागत. त्या प्रत्येक धक्क्याचें माप कंपनीकडील सॉफ्टवेअर पौंडाच्या मापांत देत होतें, व प्रयोगशाळा तें न्यूटनचें समजून वाचीत होती. दोहोंत सुमारें ४.४५ पटींचा फरक. लहान लहान चुका साडेनऊ महिने सांचत गेल्या. मंगळापासून सुमारें २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचें यान चौकशीच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ५७ किलोमीटरपर्यंत खालीं उतरलें, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजीं त्याचा आवाज कायमचा बंद झाला. आमच्या वर्गांत ‘उत्तर लिहिलें, एकक लिहिलें नाहीं’ म्हणून अर्धा गुण कापला कीं मुलें कुरकुर करितात. त्यांनीं ही हकीकत पाठ करावी.

या हकीकतींत आम्हांस अधिक बोचतें तें निराळेंच. वाट दाखविणाऱ्यांपैकीं कांहींना आंकड्यांचा संशय वाटेंतच आला होता. परंतु त्यांनीं तो ठरलेल्या मार्गानें न मांडतां पत्रांतून व बोलण्यांतून मांडला, आणि तो तेथेंच विरला. म्हणजे माहिती होती, माणसेंही हुशार होतीं. पण तक्रार ऐकून घेण्याची नेमकी वेळ व नेमका माणूस नव्हता.

अशी वेळ व असा माणूस आमच्या महाराष्ट्रांत एके ठिकाणीं फार पूर्वींपासून नेमलेला आहे. आम्ही पुण्यास शिकत असतां एके वर्षीं आळंदीच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडपर्यंत गेलों होतों. कुतूहल एवढेंच कीं, इतके लोक वाटेंत हरवत कसे नाहींत? हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत या सोहळ्यास आजचें वळण दिलें. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशें किलोमीटरांच्या आसपासची वाट, जवळजवळ तीन आठवड्यांची. आणि लाखों माणसें. परंतु तीं लाखों म्हणून चालत नाहींत, दिंड्या म्हणून चालतात. प्रत्येक दिंडीचा विणेकरी निराळा, स्वयंपाक निराळा, तंबू निराळे, सामानाची गाडी निराळी, जमाखर्चही निराळा. दिंडीनें काय शिजवावें, तंबू कोणीं ठोकावे, म्हाताऱ्यांस कोणीं सांभाळावें, यांत वरून कोणी हुकूम करीत नाहीं. वरून ठरलेलें असतें तें थोडेंच : मुक्काम कोठें, निघावयाचें केव्हां, आणि कोणत्या दिंडीची जागा कोठें. रथाच्या पुढें अमुक क्रमांक, रथाच्या मागें अमुक. जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, म्हणून रोज सकाळीं तिच्यासाठीं भांडण नाहीं.

संध्याकाळीं मुक्कामाच्या तळावर पालखी पोंचली कीं तिच्याभोंवतीं दिंड्या गोळा होतात. त्या वेळीं टाळमृदंगांचा जो गजर चालतो त्यांत शेजाऱ्याचा शब्द ऐकूं येत नाहीं. मग चोपदार आपला दंड वर करितो. हजारों टाळ एका क्षणांत थांबतात. आम्हांस वाटलें, आतां आरती. तोंच दूर एका कोपऱ्यांत एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. शिस्त मोडली असें समजून आम्हीं शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्याकडे पाहिलें. तो म्हणाला, “त्यांचं काही गाऱ्हाणं हाय.” रीतच अशी कीं, ज्या दिंडीस कांहीं अडचण असेल तिनें टाळ वाजवीत राहावें. चोपदार तिच्याकडे जातो व ऐकून घेतो : तंबूस जागा मिळाली नाहीं, पाणी आलें नाहीं, वाटेंत दुसऱ्या दिंडीचे लोक मध्यें घुसले. निकाल तेथल्या तेथें होतो. मग हरवल्या-सांपडल्याची वर्दी, उद्यां निघावयाची वेळ, आरती, आणि सर्व आपापल्या चुलींकडे.

या रीतींतील शहाणपण आम्हांस त्या दिवशीं कळलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, विद्यार्थ्याकडून त्याच्या कंपनींतील सभांचें वर्णन ऐकतांना कळलें. तेथेंही पथकांचे प्रतिनिधि एकत्र बसतात. त्या सभेस ‘स्क्रम ऑफ स्क्रम्स’ म्हणजे स्क्रमांचा स्क्रम म्हणतात. हेतु उत्तम. परंतु कित्येक ठिकाणीं प्रत्येक प्रतिनिधि आपल्या पथकानें काय काय केलें याचा पाढा वाचतो, बाकीचे माना डोलवितात, आणि तासाभरांत एकाही फटीकडे कोणाचें लक्ष गेलेलें नसतें. वारींत ज्यांचें ठीक चाललें आहे ते गप्प राहतात. वाजवितो तो अडलेला. तारीख बदलणाऱ्या पथकानें खरें म्हणजे त्या सकाळीं टाळ वाजवावयास हवे होते.

दुसरें उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचें. तें वाचकांस इतकें परिचित आहे कीं थोडक्यांत सांगतों. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनीं हा धंदा सुरू केला असें मानतात. २०२० च्या टाळेबंदीपूर्वीं सुमारें पांच हजार डबेवाले रोज जवळजवळ दोन लक्ष डबे घरून कचेरींत व कचेरींतून घरीं पोंचवीत असत. पुढें कचेऱ्याच घरीं आल्या व तो आंकडा फार उतरला. येथेंही लहान टोळ्या, प्रत्येकीचा मुकादम, आपसांतली कमाई वांटून घेण्याची रीति. एक डबा वाटेंत अनेक हातांतून जातो, आणि त्या हातांची कधीं भेटही होत नाहीं. मग गोंधळ कसा होत नाहीं? डब्याच्या झांकणावरील रंग, अक्षर व आंकडा यांमुळें. कोठें उतरावयाचा, कोणत्या टोळीनें न्यावयाचा, कोणत्या इमारतींत व कितव्या मजल्यावर, एवढें त्या खुणेंत असतें. डब्यांत भाजी कोणती आहे हें नसतें. ज्यास जेवढें हवें तेवढेंच, आणि सर्वांस एकाच अर्थानें वाचतां येईल असें. शिवाय लोकल गाडी कोणासाठीं थांबत नाहीं, त्यामुळें सर्व टोळ्यांचें घड्याळ एक. हार्वर्डच्या व्यापार-विद्यालयानें २०१० सालीं यांच्यावर पाठ तयार केला, तो उगीच नव्हे. सॉफ्टवेअरच्या पथकांतही अशीच खूण ठरवावी लागते : आमच्याकडून तुम्हांस अमुक नांवानें, अमुक क्रमानें, अमुक मापांत माहिती मिळेल, ती न कळवितां बदलणार नाहीं. हा करार यंत्रानेंच रोज तपासावा, आणि प्रत्येकाचें काम शेवटीं न जोडतां रोजच्या रोज जोडून पाहावें, अशी चाल आतां चांगल्या कंपन्यांत पडली आहे.

मोठ्या कंपन्यांनीं याहूनही मोठाल्या व्यवस्था बसविल्या आहेत. डीन लेफिंगवेल यांनीं २०११ सालीं पुढें आणलेल्या ‘सेफ’ नांवाच्या रीतींत पन्नास ते सव्वाशें माणसांच्या पथक-समूहास चक्क ‘ट्रेन’ म्हणतात. स्टेशनमास्तरांस हें ऐकून मोठी गंमत वाटली. आठ ते बारा आठवड्यांतून एकदां ही सर्व मंडळी दोन दिवस एकत्र बसून पुढचा बेत आंखतात. भिंतीवर एक मोठा फलक असतो. त्यावर प्रत्येक पथकाची एक ओळ, प्रत्येक पंधरवड्याचा एक रकाना; आणि एका पथकाचें काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तेथें एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत लाल दोरा बांधतात. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं तो फलक कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसूं लागतो. हल्लीं हें पुष्कळदां संगणकाच्या पडद्यावरच करितात; पण खऱ्या दोऱ्यांनीं जी धास्ती बसते ती पडद्यावरच्या रेघांनीं बसत नाहीं, असें आमचा विद्यार्थी सांगतो.

आतां त्या दोऱ्यांचें करावयाचें काय? येथें आमचें मत थोडें निराळें आहे. पुष्कळ व्यवस्थापक प्रत्येक दोऱ्यासाठीं एक सभा नेमतात, आणि दोरे वाढले कीं सभा सांभाळणारा आणखी एक अधिकारी नेमतात. आमच्या मतें आधीं दोरा तोडतां येतो काय हें पाहावें. दोन पथकांमध्यें सहा दोरे असतील तर त्यांची वांटणीच चुकली आहे. दोन माणसें इकडून तिकडे बसविल्यास कदाचित् पांच दोरे आपोआप गळून पडतील. मेल्विन कॉन्वे यांनीं १९६८ सालींच एक मार्मिक गोष्ट दाखविली होती कीं, ज्या संस्थेंत माणसांचें बोलणें जसें चालतें, तशीच तिनें बांधलेली वस्तु होते. दोन खात्यांत अबोला असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येंही त्याच जागीं भेग दिसते. म्हणून मोठ्या कामांत पथकें कशीं पाडावयाचीं हा प्रश्न सभा कशा भरवावयाच्या या प्रश्नाच्या आधींचा आहे. स्वीडनमधील स्पॉटिफाय या संगीताच्या कंपनीनें आपलीं पथकें कशीं बसविलीं याचें वर्णन क्निबर्ग व इव्हार्सन यांनीं २०१२ सालीं लिहिलें. तेथलीं ‘स्क्वॉड’, ‘ट्राइब’, ‘गिल्ड’ हीं नांवें जगभर उचलण्यांत आलीं. हें आमचें केवळ आजचें चित्र आहे, असें त्या लेखकांनींच सांगून ठेविलें होतें. तें मात्र कोणीं उचललें नाहीं. दारावरची पाटी बदलून घरांतील भांडण मिटत नाहीं.

इतकें दुसऱ्यांविषयीं लिहून झाल्यावर स्वतःविषयीं लिहिणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत आमच्याकडे स्नेहसंमेलनाच्या गायन-समितीचें काम होतें. रंगमंच, भोजन, पाहुणे, पारितोषिकें व गायन अशा पांच समित्या होत्या; प्रत्येकीस आपली वही, आपला खर्च व पूर्ण मोकळीक. आम्हीं मोठ्या हौसेनें एका खेड्यांतील शाळेचीं चाळीस मुलें समूहगीतासाठीं बोलाविलीं. तालीम उत्तम झाली, त्यांच्या बसचें भाडेंही आमच्या वहींत अचूक मांडलेलें होतें. भोजन-समितीनें वर्गांच्या हजेरीपटांवरून ताटें मोजलीं; तिचाही हिशेब बिनचूक. दोन्ही समित्या लगतच्या दोन खोल्यांत बसत असत, आणि मधल्या दारास कडीसुद्धां नव्हती.

गाणें झालें, टाळ्या झाल्या. मुलें हात धुऊन पंगतीच्या शेवटीं बसलीं, तेव्हां भात संपला होता. ओळीच्या टोंकास एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिनें मांडीवर रुमाल पसरून ठेविला होता. दुपारीं अडीच वाजतां बाजारांतून पाव व केळीं आलीं तोंपर्यंत ती तशीच बसून होती. रुमालाची घडी मात्र तिनें मध्येंच घालून टाकली. भोजन-समितीच्या बाई आमच्यावर रागावल्या नाहींत. “सर, एक चिठ्ठी दिली असती तर,” इतकेंच त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षीं संमेलनाच्या तीन आठवडे आधीं आम्हीं वऱ्हांड्यांत एक काळा फळा टांगला. त्यावर पांच समित्यांच्या पांच ओळी आंखल्या. कोणीं काय केलें हें त्यावर लिहावयाचें नाहीं. दुसऱ्या समितीकडून काय हवें तेवढेंच लिहावयाचें, आणि जिच्याकडून हवें तिनें वाचून खालीं आंकडा घालावयाचा. मधल्या सुटींत पांच समित्यांतून एकेक जण फळ्यापाशीं येई. ज्यांची ओळ कोरी ते परत जात. पहिल्या दिवशीं पहिली ओळ आम्हींच लिहिली : “गायन : पाहुणीं मुलें ४०, शनिवारीं जेवावयास.” दुसऱ्या दिवशीं तिच्याखालीं बाईंच्या अक्षरांत लिहिलेलें होतें : “मिळालें. ताटें ४५ धरलीं आहेत.”